वीस फेऱ्या

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. बागेची फेरी पाच किलोमीटरची, सायकलची राइड शंभर किलोमीटरची, म्हणजे वीस फेऱ्या. घाण्याला जुंपल्यासारखं होतं, असं लिहितेस. होणारच. इटलीच्या फिलिप्पो गान्नाने २०२२ मध्ये तासाभरात सर्वाधिक अंतर सायकल चालवण्याचा विक्रम केला, तेव्हा तो २५० मीटरच्या ट्रॅकवर ५६.७९२ किलोमीटर फिरला, सव्वादोनशेहून जास्त फेऱ्या. तुझ्याकडे निदान झाडं तरी आहेत.

तरी बाग सोडू नकोस. मोकळ्या रस्त्यावर वेग पडला की चढ, खड्डे, सिग्नल, कुणावरही खापर फोडता येतं. बागेतला चढ मात्र वीसही वेळा तोच असतो. म्हणून चौथी आणि सोळावी फेरी शेजारीशेजारी लिहीत जा. चौथीला तेरा मिनिटं लागली आणि हृदयाचे ठोके १३८ होते. सोळावीलाही तेरा मिनिटंच लागली, पण ठोके १५५ वर गेले, तर सुरुवात जास्त जोरात झाली किंवा पाणी कमी पडलं. घामाने रक्तातलं पाणी घटतं, एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं, मग हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. ऊन असेल तर आणखीच. ठोक्यांतला फरक साधारण ५ टक्क्यांच्या आत राहू लागला की तुझा पाया बसला असं मी धरेन. जोराचा वारा असेल त्या दिवशी मात्र हा हिशेब करू नकोस. समोरचा वारा जेवढा वेळ खातो, तेवढा पाठीवरचा परत देत नाही.

पहिल्या तीन फेऱ्या इतक्या सावकाश मार की स्वतःचीच लाज वाटावी. शेजारी कुणी असेल तर त्याच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एकटी असशील तर मोठ्याने बोल, लोक बघतील, बघू देत. आणि कुणी पुढे निघून गेला की त्याच्या मागे लागायचं नाही. त्याच्या कदाचित चारच फेऱ्या असतील.

खाण्याबद्दल मात्र मी हट्टी आहे, कारण मी एकदा त्यात पुरता फसलोय. भूक नव्हती म्हणून तीन तास नुसत्या पाण्यावर काढले. चौदाव्या फेरीत पाय पोकळ झाले. पंधरावी चालू आहे की सोळावी, तेही आठवेना. बाकावर बसून बाटलीचं झाकण उघडत होतो आणि बोटं थरथरत होती. साधं झाकण! तेव्हापासून दर दुसऱ्या फेरीला खातो, भूक असो वा नसो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही घेतले, पोटाला हळूहळू सवय लावली, तर ९० पर्यंतही जाता येतं, पण तुला इतक्यात त्याची गरज नाही. खायची जागा ठरवून टाक: उतार संपल्यावरचा सरळ तुकडा, जिथे एक हात सुटला तरी चालतो.

आता फाटक. दर तेरा मिनिटांनी घरी जायची वाट समोर येते, आणि बाराव्या फेरीनंतर ती फार गोड दिसते. जादा बाटल्या आणि पिशवी फाटकाजवळ ठेवू नकोस, बागेच्या पार पलीकडच्या टोकाला ठेव. तिथे थांबलीस तरी परत फिरायला अर्धी फेरी आहेच, आणि तेवढ्यात पुष्कळदा मन बदलतं. वीस हा आकडाही डोक्यात ठेवू नकोस. मी हँडलबारच्या डाव्या बाजूला पाच रबरबँड लावतो आणि दर चार फेऱ्यांनी एक उजवीकडे सरकवतो. पोरखेळ आहे, पण चालतो.

प्रत्येक फेरीत त्याच चढावर वीसेक सेकंद सीटवरून उठ. बाकीच्या सपाट बागेत बूड हलतच नाही, आणि मग बधिरपणा येतो.

ऊन वर आलं की चालणारे वाढतात, मुलं येतात, कुत्री येतात. कानात इअरफोन घातलेल्याला घंटी ऐकू येत नाही, तेव्हा ब्रेकवर बोटं ठेवूनच त्याच्या बाजूने जायचं. शेवटच्या फेऱ्यांना यामुळे मिनिटभर जास्त लागेल. तो मिनिट पुढे भरून काढायला जाऊ नकोस.

आठवड्याला एखाद-दोन फेऱ्या वाढव, चौथ्या आठवड्यात कमी कर. लांब उतारावर सायकल सावरणं आणि तासभर न संपणारा चढ या दोन गोष्टी बाग शिकवणार नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा बाहेर पड.

रविवारी चौथ्या आणि सोळाव्या फेरीचे आकडे पाठव. पहिलीला किती मिनिटं लागली तेही लिही, आणि खरं लिही.

तुझा,
जुना सायकलवाला