स्टॅबिलायझर रॉड, नाकारलेला क्लेम आणि 11 सप्टेंबर

डिचोलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. कामानिमित्त दर आठवड्याला चोर्ला घाटातून बेळगावला जाणं-येणं. वळणावर गाडी फार कलायची, म्हणून पुढचा 22 मिलिमीटर जाडीचा स्टॅबिलायझर रॉड, म्हणजे गाडीचं कलणं रोखणारा दांडा, काढून म्हापशाच्या एका गॅरेजात 25 चा बसवून घेतला. 6 जुलै 2024 ला भर पावसात घाटात समोर गुरं आली, ब्रेक मारला, गाडी घसरली आणि कठड्यावर आदळली. दुरुस्तीचं बिल 3 लाख 40 हजार. विमा कंपनीने 11 सप्टेंबर 2024 च्या पत्राने क्लेम नाकारला. कारण एकच दिलं: वाहनात अनधिकृत बदल, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा भंग. त्यानंतर वाचकाने कंपनीला चौदा ईमेल पाठवले. यंदाच्या मार्चमध्ये उत्तर आलं, ‘आधीच्या निर्णयात बदल नाही.’ आता ते विचारतात, जाड रॉड बसवणं बेकायदा आहे का?

अलॉय चाकं, दिवे, सायलेन्सर, वाढवलेली उंची, यांबद्दल असंच विचारणारी पत्रं माझ्याकडे सतत येतात. पण तुमच्या बाबतीत रॉड कायदेशीर की बेकायदा, हे नंतर पाहू. आधी तारीख. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हायला हवी. तुमची दोन वर्षं क्लेम नाकारल्याच्या पत्रापासून धरायची, म्हणजे ती येत्या 11 सप्टेंबरला संपतात. मार्चच्या उत्तरापासून नव्याने दोन वर्षं मिळतील, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं होत नाही. एकदा स्पष्ट नकार आला की नंतरच्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदत तपासणं हे आयोगाचंच कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात बजावलं आहे.

त्यातही कंपनीचा वकील आणखी मागे जाईल आणि म्हणेल, मुदत अपघाताच्या दिवसापासून मोजा. तसं मोजलं तर तुमची दोन वर्षं या महिन्याच्या 6 तारखेलाच उलटली. आगीच्या विम्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आग लागली त्या दिवसापासून मुदत धरली होती, पण तिथे विमाधारकाने क्लेमचा फॉर्मच काही वर्षांनी मागितला होता. तुम्ही क्लेम वेळेत केला, नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन गेला, मग नकार आला. त्यामुळे तो युक्तिवाद टिकेल असं मला वाटत नाही. तरीही तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज जोडाच. नंतर हात चोळत बसण्यापेक्षा चार पानं जास्त टाइप झालेली बरी.

11 सप्टेंबरला शुक्रवार आहे आणि सोमवारी, 14 ला, चवथ. त्या आठवड्यात गोव्यात कोण कुठल्या कामाला लागतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. गॅरेजवाला गावी गेलेला असेल, शपथपत्राला नोटरी सापडणार नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तक्रार दाखल झालीच पाहिजे.

दुसरी गोष्ट त्या चौदा ईमेलांची. ते वाचताना मला खरोखर राग आला. अकराव्या ईमेलात तुम्ही लिहिता, ‘पॉलिसीचं नूतनीकरण करताना रॉडबद्दल सांगायला हवं होतं, ती माझी चूक झाली, पण सहानुभूतीने विचार करावा.’ कोणी मागितली होती ही कबुली? कंपनीच्या नकारपत्रात माहिती लपवल्याचा एक शब्दही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये गलाडा पॉवर आणि 2019 मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात सांगितलं आहे, की नकारपत्रात न घेतलेलं कारण विमा कंपनीला पुढे सुनावणीत काढता येत नाही. त्या पत्रातली एक ओळ हीच कंपनीची चौकट आहे आणि तिच्याबाहेर पाऊल टाकायचं साधन तुम्ही स्वतःच तिच्या हातात दिलंत. आजपासून एकही ईमेल नको. फोनवरही काही बोलू नका.

आता ती ओळ. कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलापासून वेगळा पडेल. तुमचं आरसी पुस्तक काढून बघा. इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, आसनं, वजन, रंग हे त्यात सापडेल. स्टॅबिलायझर रॉडचा रकाना सापडणार नाही. हा मुद्दा मी ठामपणे मांडेन, पण तो शंभर टक्के पक्का आहे असं म्हणणार नाही. जानेवारी 2019 मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ बराच कडक लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये परवानगी नसलेले सुटे भाग बसवणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आयोग कुठल्या बाजूला झुकेल, हे आज सांगता येत नाही.

म्हणून माझा भर दुसरीकडे आहे: अपघात रॉडमुळे झाला का? तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, जे तुम्ही सहज लिहून गेलात: ‘दोन वळणांच्या मधल्या सरळ पट्ट्यावर गुरं उभी होती.’ हेच वाक्य लाखमोलाचं आहे. स्टॅबिलायझर रॉड डाव्या आणि उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडतो. एक चाक वर आणि दुसरं खाली जाऊ लागलं की तो पिळला जातो आणि गाडीचं कलणं रोखतो. जाडी थोडी वाढली तरी ताठरपणा चौथ्या घाताने वाढतो. 22 चा 25 केला की तो सुमारे दोन तृतीयांशाने जास्त ताठ होतो. वळणावर हा फरक नक्की जाणवतो, आणि अपघात वळणावर झाला असता तर मी इतक्या विश्वासाने लिहिलं नसतं, कारण पुढचा रॉड ताठ केला की ओल्या रस्त्यावर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला बघते. पण सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना दोन्ही चाकं जवळपास सारखीच दबतात, रॉड पिळला जात नाही, त्याचं तिथे फारसं कामच नसतं. गाडी घसरली ती डोंगरावरून वाहून आलेल्या लाल मातीवर. तुमच्या तिसऱ्या फोटोत ती टायरच्या खाचांत भरलेली दिसते. त्याच फोटोत रॉडच्या टोकाचा लिंक रॉड सरळ आहे, रबरी बुश जागेवर आहे, काही तुटलेलं नाही. पोलिसांच्या पंचनाम्यात चिखलाचा उल्लेख असेल तर त्याची प्रमाणित प्रत आधी मिळवा.

तो रॉड मात्र तुम्ही दुरुस्तीनंतर गॅरेजात सोडलात आणि तो भंगारात गेला. प्रकरण चालू असताना ज्या वस्तूवरून भांडण आहे तीच टाकून द्यायची, याला काय म्हणावं? आता सगळा भार फोटोंवर आहे. ते ज्या फोनने काढले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली त्यांचं प्रमाणपत्र लागेल. मेकॅनिकचं शपथपत्रही घ्या आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत कंपनीकडून वकिलामार्फत लेखी मागा.

पर्यायी मागणीही घाला. पॉलिसीच्या अटीचा भंग झाला असं आयोगाला वाटलं तरी क्लेम पूर्ण नाकारू नये, ‘नॉन-स्टँडर्ड’ धरून 75 टक्के द्यावा, असा आधार 2010 च्या अमलेंदू साहू निकालात मिळतो. तो गाडी भाड्याने वापरल्याचा मामला होता, त्यामुळे इथे तसाच लागू होईल याची हमी देत नाही.

विमा लोकपालाचा रस्ता तुम्हाला कोणीतरी सुचवला आहे. गोव्यासाठी ते कार्यालय मुंबईत आहे. तिथे गेल्याने आयोगाची मुदत थांबेल अशा भरवशावर राहू नका. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे उत्तर गोवा जिल्हा आयोगात तक्रार होते, भरलेल्या हप्त्याची रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य आहे आणि दाखल करणं ऑनलाइन होतं. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल लावा. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि तीन लाखांसाठी माणसाने तारखांना खेटे घालत राहावं, हे मला आजही पटत नाही. निदान एक गोष्ट आपल्या हातात आहे: कंपनीने 45 दिवसांत उत्तर दिलं नाही तर पुढे एक दिवसही वाढवून मिळत नाही, हे घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. नोटीस पोचल्याची तारीख लिहून ठेवा आणि सेहेचाळिसाव्या दिवशी तुमच्या वकिलाला फोन करा.

मूळचं नकारपत्र, पाकिटासकट असेल तर पाकिटासकट, पॉलिसीची पूर्ण प्रत आणि आरसी घेऊन याच आठवड्यात वकील गाठा.