शार्क्सकडे आता तीन तरुण सेंटर आहेत, मग ती जागा भरली असं समजायचं का?

तुमचा प्रश्न असा: एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमधल्या सॅन होजे शार्क्सने 2023 ला विल स्मिथ, 2024 ला मॅकलिन सेलेब्रिनी आणि 2025 ला मायकल मिसा घेतला. तिघंही ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्या चारांत निवडलेले सेंटर. तर या संघाचा सेंटरचा प्रश्न मिटला का, आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या संघात ही डेप्थ (एकामागे एक किती भरवशाचे खेळाडू आहेत ती) मोजायची कशी?

हे मी ऑगस्ट 2025 मध्ये लिहितोय, मोसमाआधीचा सराव कॅम्प अजून सुरू व्हायचाय. आजच्या घडीला विचाराल तर शार्क्सकडे तरुण सेंटर तीन नाहीत, दीड आहेत. आणि येत्या मोसमात त्यांना सगळ्यात जास्त लागणारा सेंटर या तिघांपैकी नाहीच.

बर्फावरची हॉकी नवीन असणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. (पुण्याच्या घरी मी ‘हॉकी बघायला चाललोय’ म्हटलं की वडील अजून ध्यानचंदपासून सुरू होतात, म्हणून.) सामन्यात बारा फॉरवर्ड उतरतात, तीन-तीनच्या चार ओळी. म्हणजे रोज चार सेंटर लागतात. विंगरला बरीचशी कडेची पट्टी सांभाळायची असते. सेंटरला मात्र फेसऑफ घ्यायचा (पंच दोघांच्या मध्ये पक, म्हणजे रबराची चकती टाकतो, ती आधी ओढायची), पक मधून वर न्यायचा आणि पक गेला की थेट आपल्या गोलपर्यंत मागे येऊन बचावपटूंना तिसरा हात द्यायचा. पुढच्या वेळी घरी सामना बघताना पकवरची नजर काढा आणि वीस सेकंद फक्त सेंटरकडे बघा. सगळ्यात जास्त अंतर तोच कापतो.

हे मला शरीराने कळलं. चाळिशीत नवशिक्यांच्या लीगमध्ये शिरलो, तर मला सेंटर केलं, कारण पळायची कोणाची तयारी नव्हती. पहिला फेसऑफ आठवतो. मी वाकलो, स्टिक टेकवली, रेफरीच्या हाताकडे बघत राहिलो. पक पडल्याचा आवाज आला तेव्हा समोरचे काका तो मागे ओढून निघूनही गेले होते. वय साठीचं असेल. नंतर बाकावर त्यांनी सांगितलं, ‘माझ्या स्टिकच्या पात्याकडे बघायचंस.’ अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला एनएचएलमध्ये हेच होतं, फक्त समोर तिशीतला पोचलेला गडी असतो आणि पक गेला की मागे गोल बसतो.

म्हणून ड्राफ्टचा क्रमांक मी बाजूला ठेवतो आणि एकच प्रश्न विचारतो: एका गोलची आघाडी आहे, शेवटची दोन मिनिटं, फेसऑफ आपल्या गोलच्या डावीकडे. प्रशिक्षक कोणाला पाठवणार? आणि त्याचा घोटा दुखावला असेल तर कोणाला? अशी जितकी नावं न अडखळता सांगता येतील, तितकी तुमची डेप्थ.

10 ऑक्टोबर 2024, सेलेब्रिनीचा पहिला सामना, सेंट लुइसविरुद्ध. पोराने गोल केला, एक असिस्टही (दुसऱ्याच्या गोलला हातभार). शार्क्स 4-1 ने पुढे. आणि ओव्हरटाइममध्ये 5-4 ने हरले. तो त्यानंतर दुखापतीमुळे बारा सामने बाहेर बसला, तरी 70 सामन्यांत 25 गोल आणि 63 गुण (गोल अधिक असिस्ट) करून वर्ष संपवलं. संघाचे मात्र 82 सामन्यांत विजय 20, गुणतक्त्यातले गुण 52, लीगमध्ये तळाला. एक अस्सल पहिल्या ओळीचा सेंटर असला म्हणून काय होतं, ते एवढ्या आकड्यांत दिसतं.

सेलेब्रिनी हा पुरा एक, त्यावर माझा वाद नाही. स्मिथ (नटाचा नामबंधू, हो, इथे सगळे विनोद करून झालेत) बॉस्टन कॉलेजात सेंटर होता, पण एनएचएलमध्ये लवकरच त्याला विंगला हलवलं आणि सेलेब्रिनीच्या बाजूला तो खुलला. 74 सामन्यांत 45 गुण. मला वाटतं, त्याला तिथेच राहू द्यावं. तो वाया जात नाही. सेंटरला फेसऑफ टाकणाऱ्या पंचाने वर्तुळातून हाकललं तर फेसऑफ विंगरला घ्यावा लागतो, तेव्हा मुरलेला सेंटर शेजारी असणं हा विमा आहे. 2016 ला शार्क्स फायनलला गेले तेव्हा जो पावेल्स्की हा मूळचा सेंटर जो थॉर्नटनच्या विंगला खेळायचा. पण म्हणून स्मिथला सेंटरच्या खात्यात मांडू नका. एकच पैसा दोन वह्यांत लिहिल्यासारखं होतं ते.

उरलेला अर्धा म्हणजे मिसा. सॅगिनॉ या ज्युनियर संघासाठी 65 सामन्यांत 62 गोल, 134 गुण, ज्युनियरचा विचार करूनही डोळे विस्फारावेत असे. पण त्याआधीच्या मोसमात तो बराचसा विंगला होता. त्यात नियमाची अडचण: अठरा वर्षांच्या ज्युनियर खेळाडूला एएचएलमध्ये (एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये) मुरायला पाठवता येत नाही. एकतर वर ठेवा, नाहीतर परत ज्युनियरला. नऊ सामने खेळवून बघता येतात, दहाव्याला कराराचं एक वर्ष खर्ची पडतं.

आणि म्हणून माझ्या लेखी यंदाचा सगळ्यात गरजेचा माणूस अलेक्झांडर वेनबर्ग. त्याच्या नावाची जर्सी स्टेडियममध्ये क्वचितच दिसते. पण प्रतिस्पर्ध्याची अव्वल ओळ आली, पेनल्टी लागली की बर्फावर तो उतरतो, आणि सेलेब्रिनीला प्रत्येक फेसऑफ आपल्याच गोलसमोर घ्यावा लागत नाही. 2024 च्या जुलैत त्याच्याशी दोन वर्षांचा करार झाला, वर्षाला 50 लाख डॉलर. तेव्हा ‘सरासरी माणसाला एवढे?’ म्हणणाऱ्यांत मीही होतो. तो करार 2026 च्या उन्हाळ्यापर्यंतचा, आणि त्याच्यामागे कोण आहे? टाय डेलँड्रिया, झॅक ओस्टॅपचुक. दोघंही चौथ्या ओळीचे. तिसरी ओळ त्यांच्यावर टाकायला माझं मन धजत नाही.

ही पोकळी ठरवून झालेली आहे. टोमाश हर्टल मार्च 2024 मध्ये वेगासला गेला. 2025 च्या फेब्रुवारीत मिकाएल ग्रॅनलंड डॅलसला, मार्चमध्ये निको स्टर्म फ्लोरिडाला. स्टर्म तर फेसऑफमध्ये लीगमधल्या अव्वलांपैकी. लोगन कूचरची कारकीर्द दुखापतीने एप्रिलमध्ये संपली. मॅनेजर माइक ग्रिअरने भविष्यातल्या ड्राफ्टच्या निवडींसाठी आजचे सेंटर विकले, हिशेब बरोबरच होता. फक्त आता विकायला काही उरलेलं नाही, विकत घ्यायची वेळ आहे.

कागदावरच्या तीन सेंटरांनी फसायचं नसेल तर 2017-18 चे बफेलो सेबर्स आठवा. जॅक आयकल आणि सॅम राइनहार्ट, दोघंही ड्राफ्टमध्ये दुसरे. सोबत अनुभवी रायन ओ’रायली. संघ 31 पैकी 31वा, 62 गुण. राइनहार्ट तिथे बहुतेक विंगलाच खेळला. मग त्यांनी नेमका ओ’रायली विकला, म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांचा माणूस. पुढच्याच वर्षी तो सेंट लुइसकडून स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकला, प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. आयकलने 2023 ला वेगासकडून कप उचलला, राइनहार्टने 2024 आणि 2025 ला फ्लोरिडाकडून. बफेलोने 2011 नंतर 2025 पर्यंत प्लेऑफ पाहिलं नाही. ओ’रायली गेल्यावर त्याचं अवघड काम पोरांच्या अंगावर पडलं, आणि माझ्या मते तिथेच गाडी अडली.

तेव्हा ऑक्टोबरमध्ये गुणतक्ता बघू नका. मिसाला वर ठेवलाच तर तो सेंटरला खेळतो की विंगला, हे बघा. वेनबर्ग एखादा आठवडा बाहेर बसला तर आपल्या गोलसमोरचे फेसऑफ कोण घेतं, तेही बघा. तिथे रोज सेलेब्रिनीच दिसायला लागला, तर माझा दीडचा आकडाही उदार होता असं समजा आणि इथे येऊन मला सांगा.