‘परंतु असे की’ आणि परंतुक

नेरूळच्या एका वाचकांनी आपल्या लिव्ह अँड लायसन्स करारातील एक वाक्य पाठवले आहे : ‘लायसेन्सीने पहिले सहा महिने जागा सोडू नये : परंतु असे की, लायसेन्सीची बदली झाल्यास एक महिन्याची लेखी नोटीस देऊन जागा सोडता येईल.’ या ‘परंतु’ने आधीचे वाक्य रद्द होते का, आणि वकील ज्याला ‘परंतुक’ म्हणतात तो शब्द आला कोठून, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

रद्द होत नाही. बोलण्यातला ‘परंतु’ म्हणजे ठेवणीतले कपडे घातलेला ‘पण’ असतो. तो दोन विधाने समोरासमोर उभी करतो आणि बाजूला होतो. दस्तातला ‘परंतु’ मात्र आधीच्या नियमाला हात न लावता त्यातून मोजका भाग वगळतो. बदली झाली तरच सूट मिळेल. शेजाऱ्यांशी पटत नाही किंवा स्टेशनजवळ स्वस्त घर मिळाले, या कारणांना सहा महिन्यांचे बंधन तसेच लागू राहील. म्हणून परंतुक नेहमी ज्या कलमाला जोडलेले असते त्याच्याबरोबरच वाचायचे, आणि त्याचा अर्थ एवढा ताणायचा नाही की मूळ नियमच उरू नये.

आता शब्दाकडे. संस्कृत ‘परम्’ आणि ‘तु’ मिळून ‘परंतु’ झाला. त्याला ‘शतक’, ‘दशक’ यांतला नाम घडवणारा ‘क’ जोडून ‘परंतुक’. हिंदी कायद्यातही हाच शब्द आहे. गंमत अशी, की इंग्रजी कायद्यातला ‘प्रोव्हायझो’ याच वाटेने आलेला आहे. जुन्या लॅटिन दस्तांत अशी कलमे ‘प्रोव्हिजो क्वोद’, म्हणजे ‘अशी तजवीज केली असता की’, या शब्दांनी सुरू होत. तोंडचा पहिला शब्दच पुढे कलमाचे नाव होऊन बसला. आपल्याकडेही कलम ‘परंतु’ने सुरू होते म्हणून ते परंतुक. ‘असे की’ हे शेपूट ‘क्वोद’च्या जागचे. अधिनियमांच्या मराठी पाठांत पुष्कळदा नुसते ‘परंतु,’ एवढेच दिसते, आणि एकापाठोपाठ दुसरे परंतुक आले की ‘परंतु आणखी असे की’. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर टंकलेखकाला मजकूर सांगताना मात्र ‘इथे एक प्रोव्हायझो टाका’ असेच कानावर पडते. ‘परंतुक’ हा अजून तरी तोंडापेक्षा कागदावर रुळलेला शब्द आहे.

वाचकांच्या वाक्यातली खरी अट ‘परंतु’त नाहीच, ती ‘झाल्यास’मध्ये आहे. ‘जर बदली झाली तर’ म्हटले असते तरी अर्थ तोच राहिला असता. पण ‘-ल्यास’मुळे अटीचे वेगळे वाक्य करावे लागत नाही, आणि एकाच वाक्यात चार अटी कोंबू पाहणाऱ्या मसुदाकाराला ती सोय फार प्रिय असते. ‘अटी व शर्ती’ या जोडीतली ‘शर्त’ अरबीतून आलेली. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, त्यामुळे अट कोणती आणि शर्त कोणती हे शोधण्यात वेळ घालवू नये.

अट कोठे लिहिली आहे याला कधीकधी शब्दांपेक्षा अधिक वजन येते. जुन्या मराठी व्यवहारांत ‘गहाणलहाण’ नावाचा दस्त असे : ठरल्या मुदतीत रक्कम न फेडल्यास गहाण जमीन सावकाराच्या मालकीची व्हावी. १८६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा दस्तातही मुदत उलटल्यावर गहाण सोडवण्याचा हक्क मान्य केला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ (ग) मध्ये सशर्त विक्रीच्या रूपातील गहाणाची, म्हणजे दिसायला विक्री पण रक्कम फेडल्यास मालमत्ता परत मिळण्याची शर्त असलेल्या व्यवहाराची, व्याख्या आली. आणि १९२९ मध्ये तिला जोडलेले परंतुक सांगते की ही शर्त विक्रीच्या दस्तातच लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण समजला जाणार नाही. तोंडी वचन किंवा निराळा कागद येथे उपयोगी पडत नाही. म्हणजे शर्त कोठे असावी याची अट घालण्याचे काम परंतुकाकडेच आले.

वाचकांनी आपल्या करारात एवढे मात्र पाहावे, की ‘परंतु असे की’ हे सहा महिन्यांच्या कलमातच, त्याच क्रमांकाखाली आहे ना. टंकलेखकाने आधी पूर्णविराम देऊन त्याला नवा क्रमांक दिला असेल, तर ते परंतुक नेमके कोणत्या कलमाचे, यावर घरमालकाशी वाद होऊ शकतो. तो क्रमांक सही करण्यापूर्वीच काढून घ्यावा.