दिराला माफ केलं म्हणू का?

प्रश्न: ताई, 2024 च्या दिवाळीत दिराने सासूबाईंवर आणि माझ्यावर कोयत्याने वार केले, सासूबाईंची दोन बोटं अजून वाकत नाहीत, पोळी मोडायलाही त्यांना माझा हात लागतो. तो दोषी ठरलाय, आता शिक्षेवर सुनावणी आहे अन् सगळे नातेवाईक म्हणतायत घरचंच माणूस आहे, माफ केलं म्हणा, सुटेल. खरंच सुटेल का?

उत्तर: नाही गं, सुटणार नाही. निकालात कुठलं कलम लागलंय ते आधी बघ. भारतीय न्याय संहितेचं 109 म्हणजे खुनाचा प्रयत्न, त्यात जखम झालेली असेल तर जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतं, आणि 118(2) म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत, तिथे कमीत कमी 1 वर्ष. दोन्हींत आपसात तडजोड चालत नाही. शिक्षेआधी जज त्याचंही ऐकतात, वय, आधीचं रेकॉर्ड वगैरे, तुमची माफीही कदाचित विचारात घेतील, पण त्या बोटांचं काय? ऑपरेशनची बिलं, डॉक्टरांचे कागद सरकारी वकिलांकडे आत्ताच दे आणि नुकसानभरपाई माग, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (खटला कसा चालवायचा त्याचा कायदा) कलम 395 मध्ये ती सोय आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना वकील फुकट मिळतो. आणि माफ करायचं की नाही हे सासूबाईंना एकटीला बसवून विचार, नातेवाईक समोर नकोत.