हलकं रिव्हॉल्व्हर घ्यावं का?

प्रश्न : आम्ही लष्कर भागात, दौलतगंजजवळ राहतो. यजमान नोकरीसाठी भोपाळला असतात. घरात मी, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. नुकत्याच गल्लीत दोन घरफोड्या झाल्या, तेव्हापासून रिव्हॉल्व्हरच्या परवान्याचा विचार चाललाय. माझं वय ४६, उजव्या अंगठ्याला संधिवात. दीर म्हणतात, ‘बायकांसाठीच निघालंय, निर्भीक घे, हलकं आहे.’ घ्यावं का? सासरे गेल्या वर्षी वारले, त्यांची बारा बोअर दुनाळी बंदूकही कपाटात पडून आहे.
– अ. का., ग्वाल्हेर

उत्तर : ताई, दिरांचं म्हणणं दुकानाच्या काउंटरवर पटतं, गोळी झाडताना नाही. टेकनपूरला जवानांना नेमबाजी शिकवण्यात माझी नोकरी गेली. हत्यार जितकं हलकं, तितका त्याच काडतुसाचा धक्का मनगटाला जास्त. कानपूरचं निर्भीक सुमारे ५०० ग्रॅमचं. २०१४ साली आलं तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. तिथलंच त्याच काडतुसाचं साधं बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर ७०० ग्रॅमच्या घरात. बत्तीसचा धक्का तसाही सौम्य, पण वरचे २०० ग्रॅम हाताला जाणवतात आणि ते तुमच्या फायद्याचेच आहेत. नऊ एमएमचं नाव कोणी काढलं तर सोडून द्या, ते सामान्य परवान्यावर मिळतच नाही.

पिस्तूल नको. वरची स्लाइड मागे खेचायला अंगठा आणि बोटांची पकड लागते, तुमचा अंगठा तिथेच अडेल. शिवाय मनगट सैल पडलं की पिस्तूल अडकतं. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, काडतुसांची चक्री फिरते, पुढचं काडतूस येतं.

खरी अडचण चापाची आहे. नुसता चाप ओढून घोडा (काडतुसावर आपटणारी मागची हातोडी) उठवायचा आणि पाडायचा म्हणजे बोटाला चांगलाच जोर लागतो. अंगठ्याने आधी घोडा चढवला की चाप मऊ होतो, म्हणून दुकानदार तसं करून दाखवतात. तुमच्या अंगठ्याला ते जमणार नाही, आणि भेदरलेल्या हातात चढवलेला घोडा मला कोणाच्याच घरात नको. परवाना हातात आल्यावर विक्रेत्याकडे चक्री उघडून सगळी घरं रिकामी आहेत हे स्वतः बघा, मग दोन्ही हातांनी धरून भिंतीकडे रोखा आणि घोडा न चढवता सलग दहा वेळा चाप ओढा. नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायचा छोटा उंचवटा) शेवटपर्यंत जागेवर राहिली तर ते हत्यार तुमचं. डोलायला लागली तर दुसरं मागा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

अर्ज कलेक्टर कचेरीत. पोलीस चौकशी होते, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. तो नुसता कागद म्हणून आणू नका, तिथे गोळ्या झाडून या.

आता मुलाचं. नऊ वर्षांच्या पोराला घरातल्या सगळ्या किल्ल्या ठाऊक असतात. लोखंडी पेटी भिंतीत ठोकून घ्या, किल्ली अंगावर ठेवा. तो शेजारच्या खोलीत झोपत असेल तर प्लायवूडच्या पार्टिशनच्या दिशेने झाडायचा विचारसुद्धा करू नका, गोळी आरपार जाते. म्हणून रात्री खुडबूड ऐकू आली की आधी तिघांनी एका खोलीत यायचं, आतून कडी लावायची आणि ११२ ला फोन. रात्रीच्या घरफोडीत स्वसंरक्षणाचा हक्क कायदा देतो, पण गरजेपुरताच. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातलीत तर कोर्टात तुम्हीच उभ्या राहाल. (आपल्याकडे वरातीत हवेत बार काढणाऱ्यांना हे कोण सांगणार? २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.) खरं सांगायचं तर रिव्हॉल्व्हरच्या आधी मागच्या दाराला लोखंडी जाळीचं दार आणि जिन्यात दिवा लावून घ्या.

दुनाळीचं मात्र रिव्हॉल्व्हरच्याही आधी बघा. परवाना सासऱ्यांच्या नावाचा. ते गेल्यावर ती अशी घरात ठेवणं गुन्हा ठरतो. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या. वारसाच्या नावावर करायची तर वेगळा अर्ज द्यावा लागतो, बाकीच्या वारसांची ना-हरकत जोडून. आणि दिरांना बजावून ठेवा, आधी ठाण्यात फोन करून न्यायचं कसं ते विचारायचं; खांद्यावर टाकून बाड्याच्या भर चौकातून न्यायची नाही.