नोकरशाही, दप्तर आणि टेबल

प्रश्न असा आला आहे: ‘लोकप्रशासनाच्या नोट्स मराठीत लिहिते आहे. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाच्या ब्युरोक्रसीला सगळेच नोकरशाही म्हणतात. पण मराठीत नोकरशाही ही जवळजवळ शिवी आहे. मग “वेबरची आदर्श नोकरशाही” हे काय प्रकरण आहे? त्यापेक्षा अधिकारीतंत्र लिहू का? आणि ब्युरोक्रॅटला काय म्हणू?’

आधी घाईतलं उत्तर देतो. नोकरशाही राहू द्या, ‘आदर्श’ मात्र खोडा. खरा घोळ त्या दुसऱ्या शब्दाने घातला आहे. आता सवडीने.

ब्युरोक्रसी हा शब्द जन्मला तोच टोमणा म्हणून. अठराव्या शतकातला फ्रान्स. व्हँसाँ द गुर्ने हा व्यापारखात्याचा बडा अधिकारी कागदी नियमांच्या जंजाळाला इतका विटला होता, की राजेशाही, लोकशाही वगैरे राज्यप्रकारांच्या यादीत त्याने थट्टेने आणखी एक घातला: ‘ब्युरो’चं राज्य. तो गेला १७५९ साली, आणि त्याची ही थट्टा पुढे त्याच्या परिचितांच्या लिखाणातून टिकली. म्हणजे घरच्याच माणसाने दिलेला हा आहेर. तेव्हा नोकरशाहीला येणारा वास मराठीने लावलेला नाही, मूळ शब्दाचाच आहे.

ब्युरो म्हणजे काय? मुळात एक जाडंभरडं लोकरी कापड. ते लिहिण्याच्या मेजावर अंथरायचे, म्हणून मेज म्हणजे ब्युरो. मेज ज्या खोलीत ती खोलीही ब्युरो, आणि शेवटी खोलीतलं अख्खं खातंच ब्युरो. कापडापासून कचेरीपर्यंतचा हा प्रवास वाचताना मला आपलं दप्तर आठवतं. फारसी ‘दफ्तर’च्या मागे ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे कमावलेलं कातडं. कातड्यावर लिहायचे, म्हणून ते नोंदवही झालं. मराठीत आल्यावर नोंदींचा संग्रह झाला (पुण्याचं पेशवे दप्तर, त्यातले रुमालात बांधलेले कागद), आणि शेवटी पोरांच्या पाठीवर जाऊन बसलं. घशात कातड्यासारखा पडदा धरतो म्हणून डिप्थेरियाचं, म्हणजे घटसर्पाचं, नावही त्याच ग्रीक शब्दावरून पडलं. दप्तर आणि घटसर्प चुलत भावंडं निघावीत, ही गंमत शाळकरी मुलांना सांगू नये.

ब्युरोचा नेमका अर्थ मला कोशाच्या आधी एका सरकारी कचेरीत कळला. एका दाखल्यासाठी तिसरी खेप होती. आधीच्या दोन्ही खेपांना ज्यांना भेटलो तेच गृहस्थ त्याच टेबलाशी, त्याच गादी घातलेल्या खुर्चीवर बसलेले. मी कागद पुढे केला तर म्हणाले, “ते टेबल आता माझ्याकडे नाही. सोमवारपासून बाईंकडे गेलं.” माझ्या डोळ्यांदेखत त्या टेबलावर त्यांचा डबा होता. टेबल जागचं हललं नव्हतं, तरीही ‘टेबल’ बाईंकडे गेलं होतं! लाकूड वेगळं, काम वेगळं. आणि अधिकार कामाला चिकटलेला. मंत्रालयात ‘कार्यासन’ म्हणतात ते हेच. कार्यासन अधिकारी म्हणजे अक्षरशः ब्युरोवाला माणूस. ब्युरोक्रसीचं शब्दशः मराठी करायचं तर ते ‘टेबलशाही’ होईल.

उलट ‘नोकरशाही’ या शब्दात सत्ता माणसाकडे जाते. नोकर फारसीतून आला, पण त्याचं मूळ मंगोल. तिथे ‘नोकोर’ म्हणजे सरदाराशी निष्ठेने बांधलेला सोबती, लढाईतला साथीदार. तेव्हा नोकर हा घरगडी नव्हता, धन्याचा माणूस होता. त्याला आपण शाही जोडली. निजामशाही, आदिलशाहीसारखी घराणी गेली, तरी शेपूट उरलं, आणि आता ते कशालाही लागतं: हुकूमशाही, घराणेशाही, झुंडशाही, झोटिंगशाही. लोकशाही आणि शिवशाही सोडली तर चांगल्या घरी पडलेली शाही मला तरी चटकन आठवत नाही.

इथेच खरी अडचण आहे. वेबरचं (१८६४–१९२०) सगळं म्हणणंच ‘धन्याचा माणूस’ या कल्पनेविरुद्ध उभं आहे. त्याच्या मरणानंतर १९२१-२२ मध्ये ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातल्या वर्णनाप्रमाणे पद नियमाने ठरतं, पदांची उतरंड असते, कारभार लेखी चालतो, नेमणूक पात्रतेवर होते, पगार रोख मिळतो. आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पद त्या माणसाच्या मालकीचं नसतं. कचेरी वेगळी, घर वेगळं. सरकारी पैसा वेगळा, स्वतःचा वेगळा.

हे मराठी वाचकाला समजवायला जर्मनीला जायची गरज नाही, आडनावांची यादी पुरते. कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस, फडणीस, पोतनीस. ही सगळी एकेकाळची पदं. बापाचं काम मुलाकडे, त्याचं नातवाकडे. गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरात, आणि भाऊ वेगळे झाले की वतनाचीही वाटणी. पद इतकं घरचं झालं की आडनाव होऊन बसलं. वेबर याला ‘पॅट्रिमोनियल’, म्हणजे वतनदारी धाटणीचा कारभार म्हणेल. याउलट तलाठी: पगारी, बदलीपात्र, आणि बदली झाली की दप्तर दुसऱ्याच्या स्वाधीन करून जाणारा. मुंबई राज्यात कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्याने संपली. कुलकर्ण्याकडून तलाठ्याकडे हा जो बदल झाला, तो वेबरच्या अर्थाने ब्युरोक्रसीचं येणं. तलाठी हे मराठीत आडनाव म्हणून काही रुळलं नाही, यातच सगळं आलं. (कुठे असेलच एखादं, तर मराठी माणूस कळवल्याशिवाय राहणार नाही.)

दुसरी अडचण व्याप्तीची. नोकरशाही म्हटलं की डोळ्यांपुढे सरकार येतं. वेबरला कारखाना, बँक, सैन्य, राजकीय पक्ष सगळंच अभिप्रेत आहे. मोठ्या भांडवली कंपन्या तर त्याला या व्यवस्थेचे पक्के नमुने वाटतात. म्हणून नोट्समध्ये एकदा ‘खासगी कंपनीतली नोकरशाही’ असं मुद्दाम लिहा. विद्यार्थी अडखळेल, पण तिथे अडखळायलाच हवं.

मग अधिकारीतंत्र का नको? व्याप्तीची अडचण त्यानेही सुटत नाही, आणि मराठीत तंत्र म्हणजे मुख्यतः करण्याची हातोटी: तंत्रज्ञ, तंत्रनिकेतन, लेखनतंत्र. राज्यपद्धती या अर्थाने तंत्र हिंदीत रुळलं. तिथलं लोकतंत्र ती आपली लोकशाही. अधिकारीतंत्र वाचून मला ‘अधिकारी होण्याचं तंत्र’ असा क्लासचा बोर्ड दिसतो. दप्तरशाही मला मनापासून आवडते, ब्युरोच्या सगळ्यात जवळची तीच. पण दप्तर म्हटल्यावर आज कुणालाही चौथीतलं पोरच आठवणार. तेव्हा रुळलेली नोकरशाही ठेवा, आणि पहिल्यांदा येते तिथे ‘निंदाव्यंजक नव्हे’ एवढं टाका.

आता ‘आदर्श’. वेबरचा जर्मन शब्द ‘इडेआलटिपुस’. त्यातला ‘इडेआल’ कल्पनेशी नातं सांगतो, अनुकरणीय असण्याशी नाही. प्रत्यक्षात सरमिसळ असलेल्या गोष्टींतली ठळक लक्षणं वेचून, ताणून, मनाने उभा केलेला नमुना, ताडून बघण्यासाठी. भूमितीतल्या जाडी नसलेल्या रेषेसारखा. आपला आदर्श मात्र आदर्श शिक्षक, आदर्श गाव, आदर्श सून यांतला. त्यामुळे ‘आदर्श नोकरशाही’ वाचणाऱ्याला वाटतं, वेबर तिची आरती ओवाळतोय. त्याला तिची कार्यक्षमता दिसत होती आणि तिची धास्तीही होती. स्वतः वेबर ‘शुद्ध प्रकार’ असंही म्हणतो, तेव्हा ‘शुद्ध प्रारूप’ लिहायला हरकत नाही. मी लिहिलं असतं तर ‘निखळ नमुना’.

राहिला ब्युरोक्रॅट. वर्तमानपत्री नोकरशहा झकास आहे. चाकरी आणि बादशाही एकाच माणसात कोंबलेली, गुर्नेलाही आवडला असता. पण तो टोमण्यासाठी राखून ठेवा. सनदी अधिकारी म्हटलं की फक्त वरच्या सेवांतले लोक येतात, आणि वेबरच्या यादीत माझे ते डबेवाले गृहस्थही आहेत. तिथे साधं ‘पदाधिकारी’ अचूक बसलं असतं, पण तो शब्द आता राजकीय पक्षांनी आणि गणेश मंडळांनी पळवला आहे. तेव्हा नुसतं ‘अधिकारी’ लिहा, आणि ‘यात कारकूनही आला’ हे कंसात.