वाचकांचे प्रश्न : विकायचं घर दाखवण्याआधी

घर विकायला काढलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांचा रोख सजावटीकडे आहे. आमची उत्तरं मात्र त्याच्या अलीकडच्या कामांपासून सुरू होतात. घर बघायला आलेला माणूस दोन गोष्टी एकदमच करत असतो. इथे आपण कसे राहू, हे तो मनात मांडून बघतो आणि कुठे काय बिघडलंय तेही शोधतो. शोधताना काही सापडलं की मांडणं तिथेच थांबतं.

प्रश्न : खर्चायला हाताशी फार पैसे नाहीत. रंग, पडदे, दिवे, बाथरूमची डागडुजी, सगळंच करावंसं वाटतं. सुरुवात कुठून करू?

वही घेऊन घराच्या दाराबाहेर उभे राहा आणि पहिल्यांदाच आल्यासारखे आत या. बेल वाजते का? किल्ली अडकते का? मग खोलीखोलीत प्रत्येक नळ, बटण, कडी, खिडकी आणि ड्रॉवर चालवून बघा. जे सापडेल ते तीन याद्यांत लिहा : बिघडलेलं, मळलेलं आणि नुसतंच जुनं झालेलं. पैसे याच क्रमाने खर्च करा. तिसऱ्या यादीपर्यंत पोचायची वेळ बऱ्याच घरांत येतच नाही.

बिघडलेलं पहिलं, कारण बघणारा दिसणाऱ्या वस्तूवरून न दिसणाऱ्याचा अंदाज बांधतो. ठिबकणाऱ्या नळाचा वॉशर किंवा कार्ट्रिज बदलणं हे किरकोळ काम. पण तोच नळ ठिबकत राहिला तर भिंतीतल्या पाइपांबद्दल शंका येते. चौकटीला घासणाऱ्या दाराचंही तसंच. दोष बहुधा वरच्या बिजागरीचा असतो : स्क्रूची भोकं रुंदावलेली असतात आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. स्क्रू काढा, लाकडाच्या बारीक काड्या फेव्हिकॉलसारख्या गोंदात बुडवून भोकात ठासा, रात्रभर वाळू द्या आणि स्क्रू पुन्हा आवळा. दार रंधायची घाई करू नका. बिजागरी वर आली की तेच दार मधे फट दाखवायला लागतं.

मळलेल्यात काचा आतून-बाहेरून, स्विचबोर्ड, पंख्याची पाती आणि दारांच्या हात लागतो त्या कडा आधी घ्या. बाथरूममध्ये फरशी आणि बेसिन यांच्यामधली सिलिकॉनची पट्टी काळी पडली असेल तर ती घासून जात नाही, बुरशी आत शिरलेली असते. पूर्ण पट्टी ब्लेडने काढा, सांधा स्पिरिटने पुसून कोरडा करा आणि बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरा. त्यानंतर २४ तास पाणी नको. जुन्या पट्टीवरच नवी ओढली तर ती धरत नाही, काही दिवसांत कडेने सुटते.

फरशीवर ॲसिड ओतायचा मोह आवरा. त्याने सांध्यातला ग्राउट खाल्ला जातो आणि संगमरवराची चमक कायमची जाते. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : हॉलच्या एका भिंतीला खालून दोन फुटांपर्यंत ओल आहे, पोपडे निघतात. १५ दिवसांनी लोक घर बघायला येणार आहेत. रंगारी म्हणतो, पुट्टी मारून वर धुता येणारा रंग देतो, कळणारही नाही. करून घ्यावं का?

नका करून घेऊ. हा सल्ला पैसे आणि विश्वास दोन्ही घालवणारा आहे.

भिंतीतलं पाणी बाहेर येताना विटा आणि गिलाव्यातले क्षार बरोबर आणतं. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागाशी स्फटिक होऊन साचतात आणि रंगाला मागून ढकलतात. पोपडे निघतात ते यामुळे. धुता येणारे रंग वाफ कमी सोडतात, त्यामुळे त्यांच्याखाली फुगे लवकर धरतात. घर दाखवण्याच्या मधल्या आठवड्यांतच भिंत फुगली, तर ओल होती आणि ती लपवली होती, असं दोन्ही एकदम उघड होतं.

आधी ओल कुठून येते ते बघा. पृष्ठभाग कोरडा पुसून साधारण ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि २४ तासांनी तपासा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ थंड भिंतीवर जमते आहे, तिथे खिडकी उघडी ठेवणं आणि हवा खेळती करणं हाच उपाय. पाणी भिंतीतून येत असेल तर पलीकडचं बाथरूम, गळका पाइप, बाहेरचं तुंबलेलं गटार, भिंतीला टेकलेली माती, एकेक तपासत जा.

मूळ बंद झाल्यावर सैल गिलावा आणि रंग खरवडा. पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका; पाण्यात विरघळून ते पुन्हा भिंतीत शिरतात. मग भिंत वाळू द्यायची. वीटकाम वाळायला दर २५ मिलिमीटर जाडीला सुमारे एक महिना, असा ढोबळ नियम आहे. नवा सिमेंट गिलावा केला तर रंगाआधी २८ दिवस थांबावं. म्हणजे १५ दिवसांत हे काम पुरं होणार नाही.

मग या १५ दिवसांत काय करायचं? मूळ दुरुस्त करा, भिंत खरवडून स्वच्छ करा आणि तशीच उघडी ठेवा. बघायला येणाऱ्यांना दाखवा, दुरुस्तीची पावती आणि आधीचे-नंतरचे फोटो हातात द्या. दुरुस्त झालेल्या ओलीवरून किमतीची बोलणी होतील, पण ती मोजता येणाऱ्या खर्चावर होतील. लपवलेल्या ओलीवरून समोरचा मनातल्या भीतीइतका पैसा कापतो, किंवा सौदाच सोडतो.

बाकीच्या कोरड्या भिंती मात्र जरूर रंगवा. पुट्टीचे दोन पातळ हात, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणं, प्रायमर, मग इमल्शनचे दोन हात आणि त्यांच्यामध्ये ४ ते ६ तास. रंग मॅट घ्या. चकाकणाऱ्या रंगात भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. घासून झाल्यावर टॉर्च भिंतीला लावून आडवा धरा, राहिलेले खळगे सावलीने कळतात. ताज्या रंगाच्या वासाने लोक ‘काय झाकलंय?’ असा विचार करतात, म्हणून काम पहिल्या भेटीच्या जितकं आधी जमेल तितकं आधी संपवा.

प्रश्न : घर वर्षभर बंद आहे. रिकामं असूनही खोल्या लहान वाटतात, आणि दार उघडलं की कोंदट, गटारासारखा वास येतो. उदबत्ती, रूम फ्रेशनर सगळं करून झालं.

वासावर वास चढवू नका. मूळ वास राहतोच, वर संशय वाढतो आणि दम्याच्या माणसाला तिथे थांबवत नाही. गटारासारखा वास बहुतेक करून कोरड्या पडलेल्या ट्रॅपमधून येतो. बाथरूमच्या मोरीखाली, बेसिन आणि सिंकखाली पाणी धरून ठेवणारं वळण असतं. मोरीच्या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं राहतं आणि तेच गटारातली हवा अडवतं. बंद घरात ते काही आठवड्यांत उडून जातं. प्रत्येक जाळीत दोन लिटर पाणी ओता, वर चमचाभर खाद्यतेल सोडा म्हणजे बाष्पीभवन मंदावेल. कमोड फ्लश करा. नळ काही मिनिटं वाहू द्या, नाहीतर पाहुण्यासमोर पहिली धार तांबूस येते. पाणी ओतल्यावरही वास राहिला तर तडा गेलेला ट्रॅप किंवा सुटलेला सांधा शोधायला प्लंबर बोलवा. कपाटांची दारं आणि ड्रॉवर उघडे ठेवून रोज तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की कोंदटपणा ओसरतो.

रिकामी खोली लहान वाटते कारण नजरेला मोजायला काहीच मिळत नाही. सगळं घर भरायची गरज नाही. बैठकीची खोली आणि मोठी झोपायची खोली एवढं मांडलं तरी पुरे. ३ × ३.५ मीटरच्या खोलीत दीड मीटर रुंद, २ मीटर लांब पलंग ३ मीटरच्या भिंतीला मधोमध ठेवला, तर दोन्ही बाजूंना ७५ सेंटिमीटर आणि पायथ्याशी दीड मीटर उरतात. हे डोळ्यांना दिसलं की प्रश्न मिटतो. सोफा भाड्याने आणलात तर टीपॉय त्याच्यापासून ४०-४५ सेंटिमीटरवर ठेवा आणि चालायची वाट निदान ७५ सेंटिमीटर राखा. सतरंजी इतकी मोठी हवी की सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर येतील. छोटी सतरंजी खोलीला आणखी आक्रसते.

फर्निचर परवडत नसेल तर फरशीवर कागदी टेपने पलंगाची, कपाटाची बाह्यरेषा काढा आणि मापांसह नकाशा दाराशी ठेवा. खोली मोठी भासावी म्हणून मुद्दाम आखूड पलंग ठेवण्याची युक्ती काही जण करतात. ती करू नये. राहायला आल्यावर खरा पलंग बसत नाही, तेव्हा ती फसवणूकच ठरते.

प्रश्न : आम्ही दोन लहान मुलांसह त्याच घरात राहतो. केव्हाही फोन येतो, ‘अर्ध्या तासात येतो’. घर सतत आवरलेलं कसं ठेवायचं?

सतत आवरणं जमणार नाही, त्यामुळे आवरायच्या वस्तूच कमी करा. नाहीतरी घर सोडताना सामान बांधायचंच आहे, ते आत्ताच सुरू करा. हंगामाबाहेरचे कपडे, जुनी पुस्तकं, पाहुण्यांची भांडी, न लागणाऱ्या खुर्च्या खोक्यांत भरून नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या गोदामात हलवा. बाल्कनीत किंवा माळ्यावर कोंबू नका, ते लोक उघडून बघतातच. भिंतीतली कपाटं एक तृतीयांश रिकामी दिसू द्या. गच्च भरलेलं कपाट ‘इथे जागा पुरत नाही’ असं सांगतं. प्रत्येक मुलाला झाकणाची एक टोपली, मावतील तेवढीच खेळणी बाहेर.

फोन आला की क्रम ठरलेला हवा : कचरा बाहेर, सिंक रिकामं, गाद्या सारख्या, ओले टॉवेल आत, पडदे बाजूला, सगळे दिवे चालू. औषधं, दागिने, कागदपत्रं, सुट्या किल्ल्या कुलपात. कुटुंबाचे फोटोही काढून ठेवा. मुलांचे चेहरे जाहिरातीच्या छायाचित्रांत फिरायला नकोत.

प्रश्न : मोबाइलवर काढलेल्या फोटोंत खोल्या अंधाऱ्या येतात आणि भिंती कललेल्या दिसतात.

भिंती कलतात कारण फोन वर किंवा खाली झुकलेला असतो. स्क्रीनवर जाळीच्या रेषा चालू करा, फोन सरळ उभा धरा आणि सुमारे १.२ मीटर उंचीवर ठेवा. स्वयंपाकघरात थोडं वर, १.४ मीटर, म्हणजे ओट्याची फक्त कड न दिसता पृष्ठभाग दिसेल. ०.५ एक्सची लेन्स टाळा. तिने कडेचा फ्रिज ताणून कपाटाएवढा होतो, आणि प्रत्यक्ष खोली बघून माणूस हिरमुसतो. दाराच्या कोपऱ्यात उभे राहा, फोन स्टँडवर, टायमर ३ सेकंद.

अंधाराचं कारण बहुधा चौकटीतली झगझगीत खिडकी. बाहेरचं ऊन मंद असताना किंवा ढगाळ दिवशी काढा. बल्ब सगळे एकाच छटेचे घ्या, बैठकीत आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर छटा. एक पिवळा आणि एक निळसर असला की भिंतीवर डाग पडल्यासारखे दिसतात. १४ चौरस मीटरच्या खोलीला २००० लुमेनच्या आसपास प्रकाश लागतो, म्हणजे ९ वॉटचे दोन-तीन एलईडी. फोटोत संगणकाने फर्निचर घातलं असेल तर खाली तसं लिहा. डाग, तडे पुसू नका.

प्रश्न : विकण्यापूर्वी ओटा आणि कपाटं नवी करावीत का?

मोडली नसतील तर नको. घेणारा स्वतःच्या आवडीने ती पुन्हा बदलेल आणि तुमचा खर्च वाया जाईल. हँडल बदलली तरी रूप पालटतं. घेण्याआधी दोन भोकांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजा. ९६, १२८ आणि १६० मिलिमीटर ही मापं सहज मिळतात, अंतर चुकलं तर जुनी भोकं उघडी पडतात. चिकट कपाटं कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने पुसा. धुण्याचा सोडा चिमणीच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला लावू नका, ती काळी पडते.

प्रश्न : लोक घर बघत असताना आम्ही तिथे असावं का?

एजंट असेल तर बाहेर जा. मालकासमोर लोक कपाट उघडत नाहीत, आपसात बोलत नाहीत आणि लवकर निघतात. एजंट नसेल तर दार उघडा, एकदा घर फिरवून दाखवा आणि मग त्यांना मोकळं सोडून एका जागी थांबा. टेबलावर एक फाइल ठेवा : मापांचा नकाशा, दुरुस्त्यांच्या पावत्या तारखांसह, उपकरणांची वॉरंटी, सोबत देणार त्या वस्तूंची यादी आणि अजून न सुधारलेल्या दोषांचा एक कागद.